माहुलीकरांची साक्ष

सूर्यकांत माहुलीकरांना ऐकू येत नाही, ही गोष्ट अख्ख्या दिल्लीत फक्त त्यांच्या बायकोला, कुमुदला, ठाऊक होती. निदान माहुलीकर तसं धरून चालले होते.

साताऱ्याहून ते दिल्लीला आले तेव्हा कान शाबूत होते. इंग्रजी शॉर्टहँडची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेला, बारीक अंगाचा, फारसा न बोलणारा मुलगा. केंद्र सरकारच्या एका खात्यात स्टेनो म्हणून लागला आणि तिथंच मुरला. आधी करोल बागेत चार मराठी ब्रह्मचाऱ्यांबरोबर एका खोलीत राहिले, मग लग्न झालं, मग मुलगी वृंदा झाली, मग यथावकाश सरोजिनी नगरच्या पलीकडच्या एका कॉलनीत दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. तळमजला, पुढं सामाईक हिरवळीचा तुकडा, मागं नळ. दिल्लीतल्या मराठी नोकरदाराला आणखी काय हवं असतं?

कान एकदम गेले नाहीत. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग चिमण्या, मग दारावरची घंटा. एकदा लहानगी वृंदा त्यांच्या पाठीशी उभी राहून “बाबा, बाबा” करत रडायला लागली आणि हे शांतपणे पेपर वाचत बसले होते, तेव्हा कुमुदच्या लक्षात आलं. सरकारी दवाखान्यात दाखवलं तर कागदावर येईल, म्हणून ती त्यांना लांबच्या एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेली. नस सुकत चालली आहे, डॉक्टरने सांगितलं, इलाज नाही, यंत्र लावा. यंत्र म्हणजे खिशात ठेवायची डबी आणि कानापर्यंत जाणारी वायर. बहिरा स्टेनो कोण ठेवून घेणार? मेडिकल बोर्ड बसेल, अपात्र ठरवतील, नोकरीबरोबर क्वार्टरही जाईल. दोघांनी यंत्राचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग माहुलीकरांनी एक कसब कमावलं. वहीकडे न बघता शॉर्टहँड लिहायचं. साहेब डिक्टेशन देऊ लागले की यांची नजर साहेबांच्या ओठांवर आणि हात आपला आपला कागदावर चाललेला. सरकारी पत्रातली वाक्यं ठरलेलीच असतात. सुरुवात कळली की शेवट कळतोच. एखादा शब्द निसटला तर जुनी फाईल काढून तो कोणता असणार ते ताडायचे. नवीन साहेब येणार म्हटलं की बाकीचे विचारायचे, स्वभावाने कसा आहे? माहुलीकर मनात विचारायचे, मिशा किती आहेत? एका साहेबांनी तर बाकीच्या स्टेनोंना सुनावलं होतं, “त्या माहुलीकरकडून शिका, त्याचं लक्ष माझ्या चेहऱ्यावरून हलत नाही.” त्या संध्याकाळी कुमुदला हे सांगताना माहुलीकर हसले होते.

घरात कुमुद त्यांचे कान झाली. दार वाजलं की ती पदर हलवायची. पाहुणा काही बोलला की ती तेच त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायची, “अच्छा, म्हणजे उद्यापासून पाणी संध्याकाळीच येणार म्हणता?” शेजारच्या बायकांत बोललं जाई की माहुलीकरीण स्वभावाने चांगली आहे, पण डोक्याने जरा मंद; हर बात दोनदा. कुमुदच्या कानावर ते आलं होतं. ती म्हणाली, “मंद तर मंद. पगार तर येतोय ना?”

त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, गुरदित सिंग राहायचे. दुसऱ्या एका खात्यात हिशेबनीस होते. बायको मनजीत, दोन लहान मुलं. गुरदितजींकडे स्कूटर होती आणि रोज सकाळी माहुलीकरांना ते मागं बसवून घेऊन जायचे. माहुलीकरांना ही सोबत फार सोयीची वाटे. धावत्या स्कूटरवर कुणीच कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे तिथं ते चारचौघांसारखे असत. गुरदितजी आणखी एक काम करायचे. गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि ती भरणारा व्हॉल्व्ह इमारतीच्या मागच्या अंगाला, जमिनीलगत. जड, गंजलेलं चाक. ते दोन्ही हातांनी फिरवायचं काम कुणी त्यांच्यावर सोपवलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसातून आले की कपडे बदलून ते आपणहून मागं जायचे, चाक फिरवायचे आणि वर निघून जायचे. सगळ्या ब्लॉकला पाणी मिळायचं.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरअखेर पंतप्रधानांची हत्या झाली आणि नोव्हेंबर उजाडताच शिखांविरुद्ध शहर पेटलं, तेव्हा गुरदितजींचं सगळं कुटुंब माहुलीकरांच्या आतल्या खोलीत तीन रात्री राहिलं. दुसऱ्या दिवशी घोळका आला. हातात सळ्या, रॉकेलचे डबे. माहुलीकर दार उघडून उंबऱ्यात उभे राहिले. घोळक्यातली माणसं ओरडत होती, शिव्या देत होती, काय काय करू ते सांगत होती. माहुलीकरांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. उघडी तोंडं दिसत होती, एकाच वेळी इतकी तोंडं हलत होती की कुणाचेच ओठ वाचता येईनात. ते आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणत राहिले, “हम मराठी लोग हैं. यहाँ कोई नहीं.” त्यांच्या चेहऱ्यावर भीतीची रेघ नव्हती. माणसं पुढच्या ब्लॉककडे वळली. त्यानंतर कॉलनीत माहुलीकरांचं नाव झालं. काय छाती आहे माणसाची! मनजीतभाभींनी राखीपौर्णिमेची वाट न बघता त्यांना राखी बांधली. खरं काय ते कुमुदला माहीत होतं. ती आत मनजीतच्या धाकट्याच्या तोंडावर हात दाबून बसली होती, आणि तिने बाहेरचा शब्दन् शब्द ऐकला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तो आवाज सुरू झाला.

महिनाभरापूर्वीच शहरात बसमधून, बाजारातून ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बॉम्ब फुटले होते. पुष्कळ माणसं मेली होती. रस्त्यात पडलेली पिशवी दिसली तरी लोक लांबून जात. अशा दिवसांत एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, ब्लॉकवर कुठंतरी ‘धड्डाम’ झालं. खिडक्यांची तावदानं थरथरली. माणसं बाहेर पळाली. धूर नाही, आग नाही, काही नाही. दोन-तीन दिवस शांततेत गेले आणि पुन्हा झालं. मग एक दिवसाआड. मग सलग.

माहुलीकरांना पहिल्या वेळी कळलं ते कुमुदच्या हातातून पोह्यांची परात पडली म्हणून.

“काय झालं गं?”

“अहो, बॉम्बसारखं काहीतरी...” ती छातीवर हात ठेवून म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून तिला हसू आलं. “तुम्हीच तेवढे सुखी. सगळी कॉलनी थरथर कापतेय आणि तुम्ही विचारताय पोहे का सांडले.”

त्या दिवसांत पाणी कमी, वीज कमी, उकाड्याची मात्र रेलचेल. संध्याकाळी सगळे हिरवळीवर खुर्च्या, खाटा टाकून बसायचे आणि बोलायचा विषय एकच. कुणी म्हणे पालमची विमानं. कुणी म्हणे रिंगरोडच्या पलीकडे खडक फोडताहेत. समोरच्या मिसेस माथूर म्हणाल्या की या जागेवर पूर्वी कब्रस्तान होतं; त्यांच्या नवऱ्याने सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, “मग भुतांना इतकी वर्षं काय सुट्टी होती?” सगळे हसले. माहुलीकरही एक क्षण उशिरा हसले.

दर वेळी चार तरुण पोरं जिना चढून गच्चीवर जायची आणि हात हलवत परत यायची. गच्चीत काही नसायचं. जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर ती जुनी पत्र्याची टाकी, आणि खाली तापलेली फरशी. पण आवाज वरूनच येतो असं सगळ्यांचं मत पडत चाललं.

समोरच्या ब्लॉकमध्ये त्यागी म्हणून एक सेक्शन ऑफिसर होते. माहुलीकरांच्याच खात्यात, ऑफिसच्या वरच्या मजल्यावर. कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी. आवाज भारी, मिशी नाही, त्यामुळे माहुलीकरांना ते सोपे जायचे. एका संध्याकाळी त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“एक गोष्ट तुमच्या कुणाच्या लक्षात आलीय का? धमाका होण्याआधी रोज एक माणूस मागच्या बाजूला जातो. मग जिना चढून वर जातो. आणि मग धमाका.”

कुणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. गुरदितजी त्या वेळी वर होते. हल्ली ते हिरवळीवर बसायला येत नसत.

“अहो, ते पाणी सोडायला जातात,” कुमुद म्हणाली.

“पाणी! भाभीजी, पाण्याने कधी धमाका झालेला ऐकलाय?” त्यागी हसले. मग ते माहुलीकरांकडे वळले. तोंड समोर, ओठ स्वच्छ दिसत होते. प्रश्न कळला नाही असं म्हणायला जागा नव्हती. “माहुलीकर जी, आप बताइए. तुम्ही अगदी त्यांच्या खालीच राहता. तुमच्याइतकं जवळून कोण ऐकणार? आवाज कुठून येतो?”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मला ऐकू आला नाही, असं म्हणायला हवं होतं. ज्या आवाजाने समोरच्या ब्लॉकची तावदानं हलतात तो बरोबर खाली बसणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, हे त्यागींसमोर, स्वतःच्याच खात्याच्या माणसासमोर. मिसेस माथूर मघापासून बोट वर करून बोलत होत्या, तेवढं माहुलीकरांच्या डोळ्यांसमोर होतं.

“वरून,” ते म्हणाले. “वरूनच येतो.”

“घरातून?”

“हां... तसंच वाटतं.”

त्यागींनी मांडीवर थाप मारली. “ऐकलंत? हे कोण सांगतंय? ज्याने त्यांना स्वतःच्या घरात लपवलं तो माणूस सांगतोय. याला काय दुश्मनी आहे?”

कुमुदने परातीसारखं काही हातातून सोडलं नाही. ती नुसती उठली आणि घरात गेली. माहुलीकर आत आले तेव्हा ती कणीक मळत होती, आणि तिने तोंड भिंतीकडे ठेवलं होतं. तिला त्यांच्याशी बोलायचं नसलं की ती एवढंच करायची.

दोन दिवसांनी पोलिसांची जीप आली. सकाळची ऑफिसला निघायची वेळ. गुरदितजी स्कूटरला किक मारत होते आणि माहुलीकर डबा घेऊन पायरीवर उभे होते. सब-इन्स्पेक्टर गुरदितजींशी काहीतरी बोलला. गुरदितजींनी स्कूटर स्टँडला लावली, किल्ली मनजीतभाभींकडे वर फेकली आणि जीपमध्ये बसले. जाताना त्यांनी माहुलीकरांकडे पाहून हात केला, बसने जा, अशा अर्थाने. वर जाऊन पोलिसांनी घर उलटंपालटं केलं. एक रेडिओ, मुलांच्या खेळण्यातली तार आणि स्कूटरची हत्यारं तेवढी नेली.

मग सब-इन्स्पेक्टर माहुलीकरांच्या दारात आला. त्यागी त्याच्याबरोबर होते. प्रश्न साधे होते. आवाज ऐकला का? हो. वरून? हो. सही करा. माहुलीकरांनी सही केली. एवढ्या वर्षांत किती कागदांवर साहेबांच्या सह्या घ्यायला ते धावले होते. त्यांची स्वतःची सही मागणारा कागद क्वचितच समोर येई.

त्या दिवशी गुरदितजी आले नाहीत. मनजीतभाभी ठाण्यावर जाऊन आल्या. भेटू दिलं नव्हतं. त्या माहुलीकरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनाच म्हणाल्या, “भाई साब, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. तुमचं ऐकतील ते. तुमचं नाव आहे.” त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“उद्या बघतो,” माहुलीकर म्हणाले.

दार लागल्यावर कुमुद त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. इतकी समोर, की दुसरीकडे बघायची सोय राहिली नाही.

“तुम्ही बोलणार आहात की मी बोलू?”

“अगं, चौकशी करतील आणि सोडतील. निरपराध माणसाला किती दिवस ठेवतील?”

“नोव्हेंबरात निरपराध नव्हते का कुणी?”

“वृंदाचं कॉलेजचं पहिलं वर्ष आहे, कुमुद. क्वार्टर गेलं तर कुठं जायचं? त्यागी आमच्याच खात्यात आहे. संध्याकाळी सांगितलं तर सकाळी साहेबाच्या टेबलावर असेल.”

“मला ठाऊक आहे. तुम्ही एवढी वर्षं रोज जीव मुठीत धरून ऑफिसला जाता, तेही ठाऊक आहे. मी काय आज आलेय?” तिचे डोळे भरून आले, पण ओठ थरथरू दिले नाहीत, थरथरले असते तर त्यांना कळलं नसतं. “पण तो माणूस तिथं बसलाय, अहो. तुम्ही न ऐकलेल्या आवाजापायी.”

माहुलीकर त्या रात्री जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बसने ऑफिसला मात्र गेले. कुठल्याशा परिपत्रकाचं डिक्टेशन घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अख्खा परिच्छेद चुकवला. साहेब म्हणाले, “बरं नाही का, माहुलीकर?”

संध्याकाळी ते परतले तेव्हा ब्लॉकमध्ये पाण्यावरून ओरड चालली होती. टाकी ठणठणीत कोरडी, आणि चाक कोण फिरवणार? शेवटी कुमुदने पदर खोचला, मागं गेली आणि अंगाचा जोर लावून व्हॉल्व्ह उघडला. माहुलीकर हिरवळीच्या कडेला बुटाची नाडी सोडत उभे होते. मान वर केली तर लोक आपापल्या जागी खाटांवर बसलेले, मिसेस माथूर भेंडी निवडताहेत, त्यागी पेपर वाचताहेत.

आणि मग त्यांनी तो आवाज पाहिला.

मिसेस माथूरच्या मांडीवरून भेंडी उडाली. खाटेवरचं मूल झोपेतून ताठ उठून बसलं, तोंड वासून रडायला लागलं. जिन्याच्या खोलीवरची कबुतरं एका झटक्यात आकाशात गेली. आणि हिरवळीवरच्या सगळ्या माना, एकूण एक, एकाच दिशेला वळल्या. माहुलीकरांच्या पायाखाली जमीन होती तशीच होती. जगात काहीच घडलं नव्हतं.

गुरदित सिंग ठाण्यात होते, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. माहुलीकरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आता कुणीतरी म्हणेल. कुणीतरी म्हणेलच.

त्यागींनी पेपरची घडी घातली. “म्हणजे साथीदार पण आहेत,” ते म्हणाले.

एकदोघांनी माना डोलावल्या. मिसेस माथूर खाली वाकून भेंडी गोळा करू लागल्या.

माहुलीकरांनी सुटलेली नाडी पुन्हा बांधली. मागच्या बाजूने कुमुद ओल्या हातांनी येत होती. “चल,” ते तिला म्हणाले. “माझ्याबरोबर चल. मला तिथं कोण काय म्हणतंय ते सांगायला लागेल.”

ठाण्यात पंखा होता, पण तो सब-इन्स्पेक्टरकडे वळवलेला. माहुलीकरांनी उभ्याउभ्याच सांगितलं की मला ऐकू येत नाही, तो आवाज मी एकदाही ऐकलेला नाही, सही केली ती खोटी.

सब-इन्स्पेक्टरने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. “मग आत्ता माझं कसं ऐकताय?”

“तुमचे ओठ बघून.”

“नोकरी काय करता?”

“स्टेनो.”

तो हसला. शेजारचा हवालदारही हसला. “बहिरा स्टेनो! बाबूजी, दोस्ताला सोडवायचंय तर काहीतरी बरं कारण घेऊन यायचं. कॉलनीवाल्यांनी सांगितलंय मला. नोव्हेंबरातही लपवलं होतंत तुम्ही.”

हे माहुलीकरांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आपण लपवण्यात इतके तरबेज झालो आहोत की आता खरं सांगूनही कुणाला पटणार नाही. त्यांनी कुमुदकडे पाहिलं. कुमुद म्हणाली, “साहेब, तुम्हीच परीक्षा घ्या.”

सब-इन्स्पेक्टरने टेबलावरचा पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. माहुलीकर खुर्चीच्या पाठीला धरून त्या पेपराकडे बघत राहिले. पेपराच्या मागं काही बोलणं चाललं होतं हे कुमुदच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिचे कान लाल झाले, आणि तिने नजर खाली वळवली. मग एकाएकी ती दचकून अर्धी उभी राहिली. माहुलीकरांनी मागं वळून पाहिलं ते तिला दचकताना पाहून. हवालदार लोखंडी कपाटापाशी उभा होता आणि त्याची काठी अजून कपाटाच्या दारावर टेकलेली होती.

पेपर खाली आला. सब-इन्स्पेक्टर आता हसत नव्हता.

“मी काय म्हणालो?”

“माहीत नाही.”

“तुमच्या आईबद्दल म्हणालो,” तो म्हणाला. मग थोडा वेळ पेन्सिलीशी खेळत बसला. “लिहून द्या. सगळं. कधीपासून ऐकू येत नाही, ऑफिसात कसं चालवलंत. मी ते वर पाठवीन, आणि तुमच्या खात्यालाही कळवावं लागेल. मग ज्याचं तुम्ही म्हणताय त्याला घेऊन जा. त्याच्याकडे काही निघालेलं नाहीच.”

माहुलीकरांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

गुरदितजींना बाहेर आणलं तेव्हा त्यांची पगडी घाईघाईने गुंडाळलेली होती आणि बूट हातात होते. पायात घालता येत नव्हते. कुमुदने रिक्षा आणली. माहुलीकरांनी आधार द्यायला हात पुढं केला; गुरदितजींनी रिक्षाची दांडी धरली आणि स्वतःच चढले. तिघं दाटीवाटीने बसले. गुरदितजी मध्ये, त्यांचे उघडे पाय समोरच्या पत्र्याला लागू नयेत म्हणून आखडून घेतलेले. तळव्यांची कातडी तट्ट फुगली होती.

निम्मा रस्ता सरला. मग सिग्नलला रिक्षा थांबली आणि गुरदितजींनी मान वळवून आपला चेहरा माहुलीकरांच्या बरोबर समोर आणला. दिव्याचा उजेड तोंडावर पडेल असा, ओठांवरच्या मिशा हाताने बाजूला सारून. आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले.

“आपको सुनाई नहीं देता, ये मैं दो साल से जानता हूँ, माहुलीकर जी. स्कूटर पर आदमी पीछे बैठा हो तो कभी तो हाँ-हूँ करता है. मैंने बोलना छोड़ दिया. सोचा, आपको बुरा लगेगा.”

माहुलीकरांचा हात आपोआप पुढच्या सीटवर गेला.

“अंदर मुझे आपका नाम पढ़ के सुनाया. कि नीचे वाले ने ऐसा कहा है. एक बात बोल देता कि वो तो बहरा है, उसी दम छूट जाता.” गुरदितजी थांबले. त्यांना श्वास घ्यायला त्रास होत होता. “फिर सोचा, आदमी की नौकरी जाएगी. बच्ची कॉलेज में है.”

सिग्नल सुटला. रिक्षावाल्याने गाडी पुढं घेतली, तरी गुरदितजींनी तोंड वळवलं नाही.

“बोलना ही था,” ते म्हणाले, “तो पहले दिन बोल देते.”

मग ते समोर बघायला लागले. कुमुद दुसऱ्या बाजूला तोंड करून रडत होती.

खात्यात कळायला वेळ लागला नाही. मेडिकल बोर्डाची तारीख आली. ज्या साहेबांनी त्यांचं कौतुक केलं होतं ते जिन्यात भेटले, आणि दुखवल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाले की तुम्ही मला तरी सांगायचं होतं. बोर्डाने व्हायचं ते केलं. माहुलीकरांना वेळेआधी घरी बसवलं, आणि क्वार्टर सोडायला मुदत दिली. कुमुदने गाझियाबादला दोन खोल्या बघून ठेवल्या, वृंदाने कॉलेज सांभाळून शिकवण्या धरल्या. कॉलनीत कुणी उघड काही बोललं नाही. फक्त बायका आता कुमुदशी एखादी गोष्ट दोनदा बोलायच्या, मोठ्याने.

पावसाळा संपता संपता टाकी तळाशी गळायला लागली म्हणून बांधकाम खात्याची माणसं नवी टाकी घेऊन आली. जुनी उतरवण्याआधी एकजण आत उतरला. त्याचा पाय तळाच्या पत्र्यावर पडला मात्र, सगळा ब्लॉक बाहेर धावला. तोच आवाज. वृंदाने वडिलांना येऊन सांगितलं. उन्हात टाकी रिकामी पडून तिचा पत्रा फुगायचा, आणि संध्याकाळी वरून पाणी पडलं की फुगलेला तळ एका दणक्यात खाली बसायचा. ज्या दिवशी टाकीत थोडं पाणी शिल्लक असे त्या दिवशी काही नाही. इतकंच होतं ते. त्यागी हिरवळीवर उभे राहून वर बघत होते. मग कुणाशी न बोलता आत गेले. संध्याकाळच्या बैठकीत पुढं क्रिकेटचा विषय निघाला.

गुरदितजींनी बदलून टिळक नगरच्या बाजूला घर घेतलं होतं. पाय बरे झाले होते. उजव्या पायाने मात्र थोडं जपून चालत. त्यांचा ट्रक आला त्या सकाळी माहुलीकर सदऱ्याच्या बाह्या दुमडून वर गेले. इतक्या महिन्यांत ते तो जिना चढले नव्हते. मनजीतभाभी भांडी बांधत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा बांधायला लागल्या.

दारापाशी एक मोठी लोखंडी पेटी होती. गुरदितजींनी तिची एक कडी धरलेली होती आणि ते हमालाची वाट बघत होते. माहुलीकरांनी दुसरी कडी धरली. गुरदितजींनी क्षणभर पाहिलं, मग उचलली. दोघं जिना उतरले. अरुंद जिना, मध्ये पेटी, पुढच्याची पाठ मागच्याकडे. बोलले असते तरी माहुलीकरांना ते दिसलं नसतं. खाली ट्रकच्या फळीवर दोघांनी मिळून पेटी सरकवली. गुरदितजींनी कपाळ पुसलं.

माहुलीकर पुढच्या पेटीसाठी वर गेले तेव्हा हमाल आला होता. गुरदितजींनी त्याला दुसरी कडी दाखवली. माहुलीकर भिंतीला टेकले, आणि त्यांनी त्या दोघांना उतरायला वाट करून दिली.